चार तारांतला गंधार

मे महिना सरत आला होता. मोसम संपत आला की महाबळेश्वरच्या बाजारपेठेतली गर्दी ओसरते आणि गावाला पावसाचे वेध लागतात. वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस झेलणारं हे गाव. मृगाच्या आत कौलं चाळून घ्यायची, भिंतींना गवताचा नाहीतर प्लास्टिकचा आडोसा बांधायचा, सरपण आत घ्यायचं. या धांदलीत एका सकाळी वेण्णा तलावाच्या अंगाला असलेल्या अण्णांच्या जांभ्याच्या घरासमोर टेम्पो थांबला आणि त्यातून चार उंच खोकी उतरली.

अण्णांनी पस्तीस वर्षं टपाल खात्यात काढली. गाणं शिकायचं राहून गेलं, पण ऐकायचं कधी राहिलं नाही. पावसाळ्यात चार-चार महिने धुकं घरात शिरतं, वीज जाते-येते, तेव्हा सांगली आकाशवाणी लावून ते खिडकीशी बसत. घरात त्यांच्या वडिलांचा मिरजेचा तंबोरा होता. सत्तरी ओलांडल्यावर त्यांनी एकच हौस बोलून दाखवली, "घरात एकदा चांगलं गाणं वाजू दे."

थोरल्या मुलाने ती हौस मनावर घेतली. पुण्याच्या दुकानदाराकडे अनामत ठेवून त्याने टॉवर स्पीकरच्या दोन जोड्या चार दिवसांसाठी घरी आणल्या. ऐका, ठरवा, एक ठेवा, एक परत करा. थोरली जोडी चार फूट उंच, काळी, आरशासारखी चकचकीत. प्रत्येक स्पीकरला आठ इंची दोन वूफर. किंमत एक लाख ऐंशी हजार. धाकटी जोडी तीन फुटांची, सडपातळ, सागाच्या रंगाची, वूफर साडेपाच इंचांचे. किंमत एक लाख दहा हजार.

थोरल्याचं चार खोल्यांचं लॉजिंग होतं. मोसमात एसटी स्टँडवर गिऱ्हाइकाला हाका मारून मारून त्याचा आवाज भरदार झाला होता. मन त्याहून भरदार. अण्णांना एकदा मध्यरात्री छातीत दुखलं तेव्हा धुक्यात पसरणीचा घाट उतरून वाईला नेणारा तोच. धाकटा स्ट्रॉबेरी करायचा. वाईच्या कॉलेजात त्याने भौतिकशास्त्र घेतलं होतं, पण बोलायचा इतकं हळू, की दोन वाक्यांनंतर समोरचा दुसऱ्याच विषयावर गेलेला असे. घरात काही ठरवायचं असलं की थोरला बोलायचा, धाकटा बोलायला लागायचा आणि ठरून जायचं.

स्पीकर लावतानाही तेच झालं. थोरल्याने दोन्ही जोड्या मागच्या भिंतीला टेकवून कोपऱ्यांत उभ्या केल्या. धाकटा म्हणाला, "दादा, त्या भिंतीला ओल येते. आणि कोपऱ्यात ठेवले की बास…"

"अरे, रंग दिलाय ना गेल्याच वर्षी!" थोरला म्हणाला आणि अॅम्प्लिफायरचं बटण फिरवलं.

आधी धाकटी जोडी लावली. गाणं नीट वाजलं. मग बटणाला हात न लावता त्याने थोरल्या जोडीवर तेच गाणं लावलं. तबल्याचा डगा असा घुमला, की स्वयंपाकघरातल्या मांडणीवरची ताटं किणकिणली. सूनबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. अण्णांच्या अंगावर काटा आला.

"बघा!" थोरला म्हणाला. "याला म्हणतात आवाज. ते दुसरे म्हणजे रेडिओ."

धाकटा म्हणाला, "अण्णा, दोन्हींचा आवाज सारखा करून ऐकू या का?"

हे शब्द अण्णांच्या कानावर पडले होते. पण ताटं अजून किणकिणत होती. अण्णा म्हणाले, "हेच ठेवू."

दुसऱ्या दिवशी मिरजेहून चाचा आले.

चाचा तंतुवाद्यांचे कारागीर. मिरजेत ही कारागिरी दीडशेहून अधिक वर्षांची आहे. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांनी तिथे सतार-तंबोऱ्याचं काम सुरू केलं आणि पुढे ती गल्लीच सतारमेकरांची झाली. थोर गवई अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले. १९३७ साली ते गेले आणि मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांना दफन केलं. त्यांच्या स्मरणार्थ दर्ग्यात दरवर्षी गवई हजेरी लावतात. अशा गावात चाचांचे हात आणि कान तयार झाले होते. अण्णांचा तंबोरा दोन महिने त्यांच्याकडे जवारीसाठी, म्हणजे घोडीची पाठ नीट घडवून घ्यायला, होता. त्यांचा नातू महाबळेश्वर बघायला निघाला तसे चाचा तंबोरा मांडीवर आडवा घेऊन गाडीत बसले.

चहा झाला. थोरल्याने कौतुकाने थोरली जोडी दाखवली. चाचांनी तिच्या लाकडावरून हात फिरवला. मग खोलीच्या मधोमध उभं राहून जोरात एक टाळी वाजवली आणि ती विरेपर्यंत थांबले. मागच्या भिंतीला तळवा लावला. तळव्याकडे पाहिलं. काही बोलले नाहीत.

"अण्णा, आधी आपली ओळख करून घेऊ," ते म्हणाले आणि गवसणी सोडली.

तंबोरा त्यांनी खोलीच्या मधोमधच जुळवायला घेतला. पंचम, मग जोडीच्या दोन तारा, मग खरज. काळी एकचा सूर. घोडीवर तारेखाली सुताचा धागा असतो, तो ते केसभर पुढे सरकवत, केसभर मागे घेत. मध्येच तार सैल करून हाडाच्या घोडीवर कानस दोनदा फिरवली, फुंकर मारली, पुन्हा तार चढवली. धाकटा जवळ जाऊन बघत बसला. हळूहळू तारा एकमेकींत मिसळल्या आणि खोली भरून आली.

"काय ऐकू येतं?" चाचांनी विचारलं.

"सा आणि प," थोरला म्हणाला.

"आणखी?"

कोणी बोललं नाही. चाचा छेडत राहिले. मग धाकटा, आपल्याशीच बोलल्यासारखा, म्हणाला, "ग."

चाचांचा चेहरा उजळला. "गंधाराची तार यात आहे का?"

"नाही."

"मग कुठून आला?"

"खरजातून. तारेचा पाचवा उपस्वर."

"याला आमच्यात स्वयंभू गंधार म्हणतात," चाचा म्हणाले. "चार तारांत नसलेला हा पाचवा. तंबोरा जुळला, जवारी नीट निघाली, तरच तो येतो. ओरडून येत नाही. जागा मिळाली तर येतो."

तंबोऱ्याच्या या सुरांची मोहिनी सी. व्ही. रामन यांनाही पडली होती. तार ज्या बिंदूवर छेडली तिथे जे उपस्वर उमटूच नयेत, तेही तंबोऱ्यात उमटतात, आणि ते घोडीच्या उतरत्या पाठीमुळे, असं त्यांनी १९२१ साली लिहून ठेवलं. शास्त्रज्ञाने जे मोजलं, ते मिरजेचे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या कानसेने घडवत आले होते.

"आता तुमच्या पेट्यांतून तंबोरा ऐकवा," चाचा म्हणाले. "गाणं नको. नुसता तंबोरा. पेटीत तो गंधार येतो का बघू."

थोरल्याने काळी एकच्या तंबोऱ्याचं ध्वनिमुद्रण शोधलं आणि थोरली जोडी लावली. खरज असा घुमला, की ताटं पुन्हा किणकिणली. चाचांनी हात वर केला. "थांबा. ही जोडी त्या जोडीपेक्षा मोठ्याने वाजते ना?"

"मोठ्यानेच! तेच तर सांगतोय."

"मग निवाडा कसला? एक माणूस ओरडतोय, दुसरा बोलतोय. दोन तंबोरे पारखायचे तर आम्ही दोन्ही एकाच सुरात लावतो. धाकटे मालक, काल काय म्हणालात असं तुमचे अण्णा मला फोनवर सांगत होते?"

अण्णा चपापले. रात्री फोनवर त्यांनी सहज सांगितलं होतं, की धाकटा आवाज सारखा करू म्हणत होता. म्हणजे त्यांना ते आठवत होतं.

धाकट्याने मोबाइलमध्ये आवाज मोजायचं अॅप उघडलं आणि फोन अण्णांच्या खुर्चीवर, त्यांचे कान जिथे येतात त्या उंचीला ठेवला. मग धबधब्यासारखा एकसारखा खळखळता आवाज लावला. त्याला पिंक नॉइज म्हणतात. त्यात खर्जापासून टीपेपर्यंत सगळे पट्टे असतात. थोरल्या जोडीवर आकडा आला ७५ डेसिबल. बटण न हलवता धाकट्या जोडीवर आला ७०.

"दोन्हींना वीज तेवढीच, पण पाच डेसिबलचा फरक," तो म्हणाला. "जी जोडी थोडी मोठ्याने वाजते ती आपल्याला चांगली वाटते. मोठ्याने वाजतेय हे कळतच नाही. गोड वाजतेय, भरदार वाजतेय, असं वाटतं. शिवाय आवाज कमी असला की कानाला खर्ज आधी कमी ऐकू येतो. फ्लेचर आणि मन्सन या शास्त्रज्ञांनी १९३३ सालीच हे मोजलंय. म्हणून काल धाकटी जोडी लुळी वाटली."

एवढं सलग बोलताना घरात त्याला कोणी ऐकलं नव्हतं.

त्याने सूनबाईंकडे दोन टिकल्या मागितल्या. थोरली जोडी ७५ ला येते तिथे बटणाच्या कडेला लाल टिकली लावली. धाकटीसाठी बटण वर नेत नेत आकडा ७५ झाला, तिथे हिरवी.

"आणि डोळे?" चाचा म्हणाले. "डोळ्यांनी काळा चकचकीत रंग बघितलाय. तो कानाला गप्प बसू देणार नाही."

"त्याचाही प्रयोग झालाय," धाकटा म्हणाला. "अमेरिकेत फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ साली तेच स्पीकर लोकांना आधी पडद्याआडून आणि मग उघड्यावर ऐकवले. नजरेला दिसले तसे गुण बदलले."

सूनबाईंनी आजेसासूबाईंचं जुनं सुती लुगडं काढलं. धुऊन धुऊन इतकं विरलेलं, की पलीकडचा उजेड दिसावा. आवाज अडायचा प्रश्नच नव्हता. ते दोरीवर टाकलं. चाचांचा नातू पलीकडे बसला, कोणती जोडी कधी लावायची ते त्याच्या हाती. खुर्चीत अण्णा, शेजारी चाचा, खाली सतरंजीवर थोरला, धाकटा, सूनबाई.

पहिली जोडी. तंबोरा सुरू झाला. खरज फुगला, खोलीभर पसरला, एक छेड विरायच्या आत दुसरी त्यावर चढली. अण्णांनी डोळे मिटून गंधार शोधला. सगळीकडे खरजच होता.

दुसरी जोडी. खरज आला आणि आपल्या वेळी गेला. पंचम वेगळा ऐकू आला, जोड वेगळी. आणि थोड्या वेळाने, उदबत्तीचा वास यावा तसा, त्या सगळ्यांच्या वर गंधार तरंगला.

थोरल्याने मान उचलली. "आला," तो म्हणाला.

पुन्हा अदलाबदल झाली. नातवाने मुद्दाम क्रम मोडला. चारदा ऐकलं, चारही वेळा सगळ्यांनी एकाच जोडीला कौल दिला. लुगडं बाजूला केल्यावर ती तीन फुटांची सडपातळ जोडी निघाली.

खोली गप्प झाली. थोरल्याचा चेहरा उतरला. "म्हणजे मी महागाचं वाईट उचलून आणलं."

"छे!" चाचा पटकन म्हणाले. "कोण म्हणतं वाईट? भिंतीपासून दूर करा बघू."

दोघा भावांनी थोरली जोडी कोपऱ्यांतून ओढून तीन फूट पुढे घेतली. खरज बराच आवरला. गंधार अंधूक दिसू लागला, पण मोकळा झाला नाही. धाकट्याने टेप लावून खोली मोजली. सोळा फूट लांब, बारा रुंद, वर फळ्यांचा माळा आठ फुटांवर.

"इथंच आहे," तो म्हणाला. "आवाज दोन भिंतींत झोके घेतो. आठ फुटांत ७० हर्ट्‌झचा सूर नेमका बसतो. सोळा म्हणजे आठाची दुप्पट, म्हणून लांबीतही तोच बसतो. आणि काळी एकचा खरज आहे ६९ हर्ट्‌झ. आपली खोलीच तो सूर फुगवते. मोठ्या वूफरने त्यावर आणखी जोर दिला, की त्याच्याखाली वरचे नाजूक सूर झाकले जातात. ३४६ हर्ट्‌झचा गंधार तिथेच असतो, पण ऐकू येत नाही."

"बाईंच्या गळ्याचा तंबोरा आम्ही लहान करतो," चाचा म्हणाले. "त्याला पुरुषी तंबोऱ्याचा भोपळा लावला तर भोपळा वाईट ठरत नाही, जागा चुकते. ही थोरली जोडी मोठ्या दिवाणखान्यात न्या, मुकाट राज्य करील. या घराला ही धाकटी पुरे. आणि एक सांगतो. वाद्याने आपलं बोलावं, ते त्याचं काम. पेटीने मात्र दुसऱ्याचं पोचवावं. जिला स्वतःचंच बोलायचंय ती पेटी कितीही देखणी असो, तिच्यातून दुसऱ्याचा गंधार यायचा नाही."

अण्णा बराच वेळ बटणाकडे बघत होते. लाल टिकली खाली, हिरवी वर. हिरवीपर्यंत बटण फिरवायला मनगटाला किती कमी कष्ट पडले होते! काल ते कोणीच केलं नाही.

मग त्यांनी धाकट्याला हाक मारली. "काल तू भिंतीचं काहीतरी म्हणत होतास."

"मागचा चर बुजलाय, अण्णा. डोंगराचं…"

"अरे, चराचा काय संबंध, रंग नीट दिला तर…" थोरला सवयीने मध्ये पडला.

अण्णांनी हात वर केला. आवाज चढवला नाही. "तू थांब जरा. तुझी टिकली खाली आहे. त्याची अजून वर यायची आहे."

थोरला थांबला. धाकट्याने आवंढा गिळला. "डोंगराचं पाणी घरामागच्या चरातून वाहून जायला हवं. चर मातीने भरलाय. पाणी भिंतीच्या पायाशी तुंबतं आणि जांभा ते पिऊन घेतो. वर रंग दिला की ओल आतच कोंडते. तीन वर्षं सांगतोय."

तीन वर्षं. अण्णांना आठवलं. पहिल्या वर्षी जेवताना. दुसऱ्या वर्षी कौलं चाळताना. तिसऱ्या वर्षी रंगाचा डबा उघडला होता तेव्हा. प्रत्येक वेळी ते तिथेच होते.

चाचांनी आपला तळवा पुढे केला. सकाळी भिंतीला लावला होता तो. रंगाचे दोन पापुद्रे अजून त्याला चिकटले होते.

थोरला उठला. काही न बोलता पडवीतून टिकाव आणि घमेलं घेतलं आणि घरामागे गेला. धाकटा फावडं घेऊन मागोमाग. हातभर माती निघाल्यावर चराचा जुना दगडी तळ लागला, आजोबांनी बसवलेला. भिंतीच्या पायाचा जांभा नखाने उकरला जात होता. थोरला उकिडवा बसून त्याच्यावर बोट फिरवत राहिला. मग भावाला म्हणाला, "ओरडून का नाही सांगितलंस रे?"

धाकटा म्हणाला, "दादा, ओरडून सांगितलं असतं तर तो तुझा आवाज झाला असता."

थोरली जोडी पुण्याला परत गेली. वाचलेल्या सत्तर हजारांतून चर दगडाने बांधून घेतला, भिंतीवरचा रंग खरवडून तिला मोकळा श्वास घेऊ दिला. धाकटी जोडी भिंतीपासून अडीच फुटांवर उभी राहिली; समोर सतरंजी, बाजूला पुस्तकांचं कपाट.

आषाढात सात दिवस सूर्य दिसला नाही. कौलांवर पाऊस कोसळत होता, खिडकीबाहेर धुक्याची भिंत. मागच्या चरातून पाणी खळाळत उतरत होतं आणि घरातली भिंत तळव्याला कोरडी लागत होती. वीज होती तेवढ्यात अण्णांनी तंबोरा लावला. पावसाच्या आवाजातही, जरा वेळ थांबल्यावर, गंधार आला.

बटणावरची लाल टिकली काढायला हवी होती, ती जोडी तर गेली होती. अण्णांनी काढली नाही. पुढे घरात काही ठरवायचं असलं, कलमं कधी लावायची, लॉजिंगचा दर किती ठेवायचा, सूनबाईंनी शिवणाचा वर्ग काढावा का, आणि कोणाचा आवाज चढू लागला, की दुसरं कोणीतरी म्हणायचं, "टिकली लाव." बरेचदा ते म्हणणारा थोरलाच असे. मग चढलेला आवाज खाली येई, दबलेला वर येई, आणि दोन्ही एका पातळीला आले की सगळे ऐकत.

तात्पर्य : निवाडा करण्याआधी दोन्ही आवाज एका पातळीवर आणावेत. मोठा आवाज खोटा असतोच असं नाही, पण त्याच्याखाली खरा सूर झाकला जाऊ शकतो.